तांब्यावरचं नाव

आमच्या ऑफिसात अकरा जणांचा एक फोटो ग्रुप आहे. दर रविवारी रात्री कुणीतरी एक शब्द टाकतं आणि पुढच्या रविवारपर्यंत प्रत्येकाने त्या शब्दावर एकच फोटो द्यायचा. नियम तीन. वस्तू घरातली किंवा रोजच्या वाटेवरची हवी, फोटो मोबाईलवर काढलेला हवा आणि फोटोसोबत एक अक्षरही लिहायचं नाही. ‘पाणी’, ‘पिवळा’, ‘पाठमोरं’ असे शब्द येऊन गेले होते. मागच्या वर्षी पावसाळ्यात शब्द आला, ‘धातू’.

बुधवारपर्यंत सायकलची चेन, किल्ल्यांचा जुडगा आणि सांडशी येऊन गेली होती. मी शनिवारी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी गेले आणि माळ्यावरून एक पितळी तांब्या खाली काढला. (पितळेचा असला तरी तांब्याच. स्टीलचा असला तरी तांब्याच. भाषेने जुना धातू सोडलेला नाही.) आई म्हणाली, “अगं, मोठ्या आईचा आहे तो, जपून.” मोठी आई म्हणजे माझी पणजी. मी तिला पाहिलेलं नाही.

तांब्या काळा पडला होता. चिंच आणि मीठ लावून अर्धा तास घासला, मग राख, मग कोरडं फडकं. त्यानंतर खरा त्रास सुरू झाला. लाकडावर किंवा चेहऱ्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून आपण कुठेही उभे राहिलो तरी ते साधारण सारखंच दिसतं. घासलेला धातू आलेला किरण आला त्याच कोनात परत पाठवतो. त्यामुळे तांब्याचा फोटो काढायला गेलं की त्यात खिडकी येते, ट्यूबलाइट येते, दोरीवरचे कपडे येतात आणि मधोमध मोबाईल धरलेले आपण येतो. बाहेरच्या बाजूने गोल असलेली वस्तू तर जवळजवळ सगळी खोलीच पोटात घेते. यावर उपाय एकच, खोली बदलायची. मी आईला पांढरी चादर धरून उभं केलं. खिडकीचा उजेड चादरीवर, चादरीचा उजेड तांब्यावर. आई थोडी डावीकडे सरकली आणि तांब्याच्या पोटावर वरपासून खालपर्यंत दुधाच्या धारेसारखी एक पांढरी रेघ उमटली.

त्या रेघेच्या आड एक गोष्ट येत होती. गळ्याच्या खाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या अक्षरांची एक ओळ होती. रेघ तिथे फुटत होती. तांब्या फिरवला तर एक पोचा समोर येत होता. शेवटी मी तसाच फोटो काढला आणि एडिटिंगच्या ॲपमध्ये अक्षरांवरून अंगठा फिरवला. ॲपने आजूबाजूची पितळ उचलून त्या जागी भरली. चार सेकंद लागले असतील. खरं सांगायचं तर मी ती ओळ वाचलीही नव्हती. माझ्या दृष्टीने ती अक्षरं नव्हतीच, नॉइज होता.

त्या आठवड्यात मी जिंकले. दहापैकी सात अंगठे.

*

आपण काढलेला फोटो ‘चांगला’ दिसतो तेव्हा तो आपल्याला का चांगला वाटतो, हा प्रश्न मला पुढे काही महिन्यांनी पडला. का पडला ते पुढे सांगते. तेव्हा मी रात्री बसून वाचायला लागले आणि कळलं की काळ्या पार्श्वभूमीवर एकच चकचकीत वस्तू, तिच्यावर एकच स्वच्छ रेघ, आजूबाजूला कुणी नाही, ही माझी कल्पना नव्हती. ती साधारण शंभर वर्षं जुनी होती.

मुळात फोटो हीच एकेकाळी धातूची वस्तू होती. १८३९ साली पॅरिसमध्ये लुई दागेरने जी पद्धत जगासमोर आली ती अशी होती: तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पातळ थर, तो आरशासारखा होईपर्यंत घासायचा, आयोडीनच्या वाफेवर धरायचा, कॅमेऱ्यात ठेवायचा आणि मग पाऱ्याच्या वाफेवर धरून चित्र उमटवायचं. हे वाचताना मला आमच्या गल्लीत येणारा कल्हईवाला आठवला. तांब्या-पितळेचं भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने आतून फिरवायचं. धूर निघतो आणि पिवळं भांडं एका क्षणात पांढरं होतं. दागेरच्या पत्र्याचं काम वेगळं, रसायन वेगळं, पण एका धातूवर दुसऱ्याचा पातळ थर आणि त्यासाठी आधी भरपूर घासणं हे दोन्हीकडे आहे. दागेरचे फोटो अजूनही हातात धरून थोडे तिरपे केले की चित्र नाहीसं होतं आणि बघणाऱ्याचं तोंड दिसतं. म्हणजे मी तांब्यातून स्वतःला घालवायला जी धडपड केली, ती पहिल्या फोटोंना करताच आली नसती.

त्याच काळात इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट कागदावर फोटो उमटवत होता. १८४४ ते १८४६ या काळात त्याने ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक हप्त्याहप्त्याने काढलं. त्यात फळीवर मांडलेल्या चिनीमातीच्या भांड्यांचा एक फोटो आहे. टॅल्बटचं त्याबद्दलचं म्हणणं मजेशीर आहे. त्याच्या मते अशा फोटोचा एक उपयोग यादीसारखा होईल. घरात काय काय आहे ते लिहीत बसण्यापेक्षा फोटो काढा; उद्या चोराने ते नेलं तर हा फोटो कोर्टात दाखवता येईल. म्हणजे घरातल्या वस्तूंचा फोटो काढायची अगदी सुरुवातीची कल्पना सौंदर्याची नव्हती, पुराव्याची होती. अमुक वस्तू अमुक माणसाची, एवढं सांगायला फोटो.

मग वस्तू एकटी कधी पडली? त्यासाठी विसाव्या शतकाच्या विशीत यावं लागतं. युरोपातलं पहिलं महायुद्ध संपलेलं, कारखाने पुन्हा सुरू झालेले, कॅमेरे लहान झालेले. हंगेरीतून पॅरिसला आलेल्या आंद्रे केर्तेझने १८ नव्हे, २८ नव्हे, एकच काटा घेतला आणि १९२८ साली त्याचा फोटो काढला. जेवायचा साधा काटा, थाळीच्या कडेवर पालथा टेकलेला. काट्याच्या दातांची सावली खाली लांबून पडलेली, थाळीच्या कडेवरून वळलेली. बस. एवढ्यावर तो फोटो जगभर गेला. १९२९ साली जर्मनीत श्टुटगार्टला ‘फिल्म उंड फोटो’ नावाचं मोठं प्रदर्शन झालं, त्यातही होता. आणि मला आवडलेली गोष्ट ही की चांदीची काटे-चमचे बनवणाऱ्या ब्रुकमान या जर्मन कंपनीने तोच फोटो जाहिरातीत वापरला. कला आणि कॅटलॉग यांच्यामध्ये तेव्हाही फार अंतर नव्हतं.

त्याच १९२८ साली आल्बर्ट रेंगर-पाच या जर्मन छायाचित्रकाराचं शंभर फोटोंचं पुस्तक आलं. त्याला त्याचं नाव हवं होतं नुसतं ‘वस्तू’. प्रकाशकाने ठेवलं ‘जग सुंदर आहे’. त्यात झाडं आहेत, प्राणी आहेत, माणसंही आहेत, पण लोकांच्या लक्षात राहिली ती यंत्रं आणि एकसारख्या धातूच्या वस्तूंच्या रांगा. बुटांच्या कारखान्यातल्या इस्त्र्यांचा त्याचा एक फोटो आहे. चकचकीत, शेजारीशेजारी, सगळ्यांच्या अंगावर तीच एक रेघ. तो पाहिला तेव्हा मी लॅपटॉपसमोर मोठ्याने हसले. माझीच रेघ होती ती. फक्त चादर धरायला तिथे कोण उभं होतं ते कुठे लिहिलेलं नाही.

चादर धरणाऱ्यांवरून आठवलं. एडवर्ड वेस्टनने १९३० साली कॅलिफोर्नियात काढलेला ढोबळ्या मिरचीचा फोटो तुम्ही पाहिला असेल. माणसाच्या वाकलेल्या पाठीसारखी दिसणारी मिरची. ती त्याने पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती. नरसाळ्याच्या आतल्या भिंतींवरून उजेड मिरचीवर सगळीकडून आला म्हणून ती तशी उजळली. फोटोत दिसतो तो नुसता अंधार. पत्र्याने काम केलं आणि बाजूला झाला.

धातूच्या वस्तूंची स्पर्धासुद्धा आमच्या ग्रुपने शोधलेली नाही. मार्च-एप्रिल १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ‘मशीन आर्ट’ नावाचं प्रदर्शन भरवलं. स्प्रिंग, प्रोपेलर, बॉल बेअरिंग, पातेली, प्रयोगशाळेतली भांडी, सगळं शिल्पांसारखं चौथऱ्यांवर मांडलेलं. हे मांडणारा फिलिप जॉन्सन तेव्हा २७ वर्षांचा होता आणि कॅटलॉगचे फोटो काढणारी रूथ बर्नहार्ड २८ वर्षांची. म्हणजे माझ्याच वयाची. सगळ्यात सुंदर वस्तू कोणती हे ठरवायला परीक्षक बोलावले होते. त्यांत विमान चालवणारी अमेलिया इअरहार्ट होती आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई होता. त्यांनी पहिला नंबर दिला स्प्रिंगच्या एका तुकड्याला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस घासून घासून लोखंडाचा ठोकळा काटकोनात आणताना हाताला फोड आलेल्या कुणालाही विचारा, स्प्रिंग बघून त्याच्या मनात पहिल्यांदा काय येतं. ‘सुंदर’ हा शब्द बऱ्याच उशिरा येतो.

या सगळ्यावर एक आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता आणि तो मला अजून टोचतो. वाल्टर बेन्यामिन या जर्मन लेखकाने १९३१ साली फोटोग्राफीच्या इतिहासावर एक छोटा निबंध लिहिला. त्याचा रोख थेट ‘जग सुंदर आहे’वर होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हा कॅमेरा एखाद्या पत्र्याच्या डब्यालासुद्धा विश्वाएवढा मोठा करून दाखवेल, पण तो डबा ज्या माणसांच्या व्यवहारात फिरतो, त्यातला एकही धागा त्याला पकडता येणार नाही. कारखान्याचा फोटो बघून कारखान्यात काय चालतं ते कळत नाही, हे बेर्टोल्ट ब्रेख्तचं म्हणणंही तो तिथे पुढे करतो. आणि निबंधाच्या शेवटाकडे तो फोटोखालच्या ओळीबद्दल बोलतो. यापुढे फोटोचा सगळ्यात महत्त्वाचा भाग ती ओळच ठरेल की काय, असा त्याचा प्रश्न आहे.

आमच्या ग्रुपचा तिसरा नियम आठवा.

मी बेन्यामिनच्या बाजूची आहे असं सरळ म्हणवत नाही. केर्तेझचा काटा मला आवडतो. तो बघितल्यापासून मी मेसमधला काटा वेगळ्या नजरेने बघते. पण हा आक्षेप खोटा नाही हे दाखवणारा एक फोटोग्राफर पुढे सापडला आणि त्याच्यासाठीच मला हा सगळा इतिहास सांगायचा होता.

वॉकर इव्हान्स. अमेरिकन. १९३६ साली, मंदीच्या काळात, तो अलाबामातल्या कापूस पिकवणाऱ्या गरीब कुळांच्या घरी राहून फोटो काढत होता. त्यातला एक नुसत्या स्वयंपाकघराच्या भिंतीचा आहे. फळ्यांची भिंत, तिच्यावर एक आडवी पट्टी ठोकलेली आणि पट्टीच्या मागे काटे-चमचे खोचून ठेवलेले. घरात कपाट नाही म्हणून. त्याच धातूच्या त्याच वस्तू, केर्तेझनंतर आठ वर्षांनी. इथे काटा एकटा नाही. पट्टी कुणी ठोकली, एवढेच चमचे का, जेवायला बसणारी माणसं किती, हे सगळं त्या भिंतीवर आहे.

त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी, जुलै १९५५ मध्ये, इव्हान्सने ‘फॉर्च्युन’ मासिकात हाताच्या हत्यारांचे फोटो छापले. फॉर्च्युन म्हणजे बड्या उद्योगपतींचं मासिक, आणि हा तिथे पानभर पकड दाखवतोय. पत्रा कापायची कातर, गवंड्याची छोटी थापी, टोकदार पकड, खोकी उघडायची पहार, पाना. कोऱ्या पार्श्वभूमीवर एकेक वस्तू, कसलंही नाटक नाही. वरवर पाहता अगदी माझ्या तांब्यासारखीच मांडणी. पण प्रत्येक फोटोखाली एक ओळ आहे: हत्याराचं नाव, बनवणाऱ्याचं नाव आणि किंमत. कातर अमुक कंपनीची, १ डॉलर ८५ सेंट. पकड, २ डॉलर ४९ सेंट. पाना जर्मन बनावटीचा, ५६ सेंट. खोकी उघडायच्या पहारीचं दुकानातलं नाव ‘बेबी टेरियर’, किंमत ६९ सेंट.

या किमती वाचल्या की फोटो बदलतो. ६९ सेंटची वस्तू इतकी नीट घडवलेली आहे, हे किंमत वाचल्याशिवाय कळत नाही. कुणीतरी हे विकत घेणार आहे, वापरणार आहे, हरवणार आहे. फोटो कुठेही डागाळला नाही, रेघ कुठेही फुटली नाही, आणि तरी नाव आहे.

*

आता आपल्याकडे. भांड्यावर नाव घालण्याची पद्धत तुम्ही पाहिली असेलच. भांड्यांच्या दुकानात आता हातात धरायचं छोटं विजेचं मशीन असतं, ते टर्र आवाज करत अक्षरं काढतं. त्याआधी छिन्नी आणि हातोडी होती, ठिपक्याला ठिपका लावून. लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीला आलेल्या भांड्यांवर कुणाकडून कुणाला आणि कोणत्या दिवशी हे लिहिलेलं असायचं. देवळाला दिलेल्या मोठ्या पातेल्यांवर कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. गावजेवणाला दहा घरची भांडी एकत्र आली की नाव बघून परत करायची. टॅल्बटच्या चोराची सोय आपल्याकडे भांड्यावरच केलेली होती.

आणि या लिखाणाचं मरण कसं होतं तेही आपल्याला माहीत आहे. जुनी भांडी मोडीत जातात. दुकानदार तराजूत टाकतो, मोडीचा भाव लावतो, फरकाचे पैसे घेऊन नवी वस्तू देतो. त्यात लबाडी काही नाही. पितळ वितळतं आणि पुन्हा पितळच होतं. शिवाय ज्या बाईने आयुष्यभर पितळ घासली आणि कल्हईवाल्याची वाट पाहिली, तिने स्टील आल्यावर सुटकेचा श्वास टाकला असेल तर तिला नावं ठेवायला मी कोण? आमच्याकडे पहिले स्टीलचे डबे बोहारणीकडून जुन्या साड्यांवर आले, असं आई सांगते.

हा प्रवाह अडवणारा एक माणूस पुण्यात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे. साधारण १९२० पासून त्यांनी लोकांच्या घरातल्या, माळ्यावरच्या, मोडीत निघालेल्या वस्तू गोळा केल्या. दिवे, अडकित्ते, कुलपं, भांडी. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने उभं राहिलेलं ते संग्रहालय केळकरांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या हाती दिलं. बाजीराव रोडजवळ आहे, शाळेच्या सहलीत आपण सगळे तिथून धावत गेलेलो असतो. मी या वर्षी पुन्हा गेले आणि अडकित्त्यांच्या कपाटासमोर बराच वेळ उभी राहिले. घोड्याच्या आकाराचे, मोराच्या आकाराचे. काचेमुळे प्रत्येक अडकित्त्यावर माझा चेहरा येत होता. मी फोन खिशात ठेवला.

*

मला हे सगळं वाचायला लावलं ते आत्याच्या फोनने.

दिवाळीच्या आधी आईने घराचा माळा रिकामा केला. छत गळत होतं, रंगारी येणार होता. दोन घंगाळं, एक कळशी, परात आणि तो तांब्या मोडीत गेला आणि घरात मोठा प्रेशर कुकर आला. मला फोनवर सांगितलं, मी “बरं झालं” म्हटलं. तिचे गुडघे दुखतात. त्या भांड्यांना हात लावणारं घरात कुणी नव्हतं.

जानेवारीत आत्याचा फोन आला. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची आहे आणि माहितीचे फॉर्म भरायचं काम तिने अंगावर घेतलं आहे. घरात आलेल्या प्रत्येक बाईपुढे ‘माहेरचे नाव’ असा रकाना आहे. मोठ्या आईच्या पुढे तो कोरा होता. लग्नात तिचं नाव बदललं, मग सातबारा, रेशन कार्ड, मतदार यादी, सगळीकडे बदललेलंच. माहेरचं कुणी उरलेलं नाही. नातवंडांना ती फक्त मोठी आई. “पण तिच्या रुखवतातला तांब्या होता बघ,” आत्या म्हणाली, “त्याच्यावर तिचं लग्नाआधीचं नाव घातलेलं होतं. तिच्या वडिलांनी घालून दिलेलं. तू म्हणे त्याचा फार छान फोटो काढलायस. तेवढा पाठव.”

मी तिला तो छान फोटो पाठवला नाही.

एडिट केलेला फोटो ग्रुपवर होता. मूळ फोटो मी त्याच आठवड्यात डिलीट केला होता, कारण फोन भरल्याची सूचना येत होती. डिलीट केलेल्या फोटोंचे तीस दिवस केव्हाच उलटून गेले होते. जुना लॅपटॉप, क्लाउड, ॲपचा कॅशे, सगळं पाहिलं. दिवसभर लोकांच्या डेटाचा बॅकअप नीट होतोय की नाही हे तपासायचा मी पगार घेते. पुढच्या शनिवारी घरी जाऊन ज्या दुकानात भांडी दिली तिथेही गेले. दुकानदार सभ्यपणे म्हणाला, “ताई, तो लॉट दिवाळीलाच गेला.”

त्या रात्री आई म्हणाली, “माझ्याकडे आहे एक.”

तिच्या व्हॉट्सॲपवर होता. फोटो काढताना एक फसलेला फोटो मी तिला गंमत म्हणून पाठवला होता, ‘बघ, तू आलीस’. चादर खाली घसरली होती आणि तांब्याच्या पोटात आई दिसत होती. वाकडी, बुटकी, दोन्ही हात वर, डोक्यावरून पदर गेल्यासारखी चादर, मागे खिडकी आणि खिडकीत शेजारच्यांचा माड. तिने तो स्वतःचा फोटो म्हणून ठेवला होता.

अक्षरं त्यात आहेत. पण इतक्या जवळून काढलेल्या फोटोत नीट दिसणारा भाग जेमतेम बोटभर असतो आणि त्याच्या पुढे सगळं विरघळतं. शिवाय व्हॉट्सॲपने फोटो दाबून लहान केलेला. ओळीची सुरुवात स्पष्ट वाचता येते: ‘चि. सौ. कां.’ म्हणजे त्या काळातल्या कुठल्याही नवरीच्या नावाआधी जे लिहीत, तेवढं. त्यानंतरचं अक्षर तांब्याच्या वळणावर आहे. ते ग असावं. म असू शकतो. त्याच्या डोक्यावर एक ठिपका आहे, तो अनुस्वार असेल किंवा पितळेतला खड्डा. नंतर तीन अक्षरांएवढी धुरकट जागा. खालच्या ओळीत ‘शके १८६’ आणि एक आकडा, ज्याचं पोट फक्त दिसतं.

मी ते अक्षर धारदार करणाऱ्या एआय टूलमध्ये टाकलं. पहिल्यांदा त्याने एक सुबक, ठसठशीत नाव काढून दिलं. मला एक क्षण विश्वास बसला. दुसऱ्यांदा तोच फोटो टाकला तर वेगळं नाव आलं, तितकंच सुबक. तिसऱ्यांदा आलं ते देवनागरीसारखं दिसणारं, पण कुठल्याच भाषेतलं नसलेलं काहीतरी. अंगठा फिरवल्यावर ॲपने आजूबाजूची पितळ उचलून भरली होती, तसंच हे. फक्त आता पितळेऐवजी नावं भरत होतं. पहिलं नाव आत्याला पाठवलं असतं तर ते कुलवृत्तांतात छापलं गेलं असतं आणि कुणालाही कधी कळलं नसतं. मी ते तिन्ही पुसले.

आत्याला आईच्या फोनवरचा फोटो जसा होता तसा पाठवला आणि खाली लिहिलं: मोठ्या आईचा रुखवतातला पितळी तांब्या. धरलेली चादर आणि दिसणारी बाई, आई. नाव होतं, ते मी पुसलं. तांब्या मोडीत गेला, त्याचा मोडीचा भाव पावतीवर आहे तोही लिहिला.

अर्ध्या तासाने आत्याचा फोन आला. तिने चष्मा लावून, फोटो मोठा करून, घरातल्या सगळ्यांना दाखवला होता. तिच्या मते तो ग नाही, भ आहे. ठिपक्यांमध्ये भ ची गाठ अशीच उठते. आईने माझ्या हातून फोन घेतला. तिच्या मते ग च. तांब्या घासताना बोटाला लागायचं ते अक्षर, ती म्हणाली, आणि हवेत बोट फिरवून दाखवायला लागली. पलीकडून आत्याला ते दिसत नव्हतं. मी व्हिडिओ कॉल लावून दिला आणि फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला.